गव्हर्नर-जनरल म्हणजे नुसता नंदीबैल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गेल्या महिन्यात मेलबर्नमध्ये तुम्ही सहकुटुंब ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलंत. समारंभाच्या हॉलमध्ये राजा चार्ल्सचा फोटो होता. घरी येताना मुलीने विचारलं, मतं आपण द्यायची, सरकार आपण निवडायचं, मग हा राजा आणि त्याच्या नावाने कॅनबेरात बसलेल्या गव्हर्नर-जनरल कशासाठी? त्यात तुम्ही तुमचे चार प्रश्न घातलेत. त्यांनी कायद्यावर सही नाकारली तर? पंतप्रधानाला त्या घरी पाठवू शकतात हे खरं का? हे आपल्याकडच्या राज्यपालांसारखंच आहे का? आणि नंदीबैलासारखी मानच डोलवायची असेल तर एवढा पगार कशाला?

मी मूळची वाईची. पुण्यात कायदा शिकले, नव्वदीच्या दशकात कॅनबेरात आले आणि एकवीस वर्षं केंद्र सरकारसाठी कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे लिहिले. आता निवृत्त आहे. माझ्या टेबलावरून निघालेले कितीतरी कागद गव्हर्नर-जनरलच्या सहीला गेले, म्हणून हे सगळं मी सहीच्या बाजूने बघते. तसं बघितलं तर तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी येतात: या पदाचा खरा उपयोग सहीआधी प्रश्न विचारण्यात आहे, आणि पदाची अब्रू जेव्हा जेव्हा पणाला लागली तेव्हा कोणीतरी कोणापासून तरी काहीतरी लपवलेलं होतं.

आधी एक गंमत. समारंभात तुम्ही घेतलेल्या प्रतिज्ञेत राजाचं नाव नव्हतं, लक्षात आलं का? १९९४ पासून नवा नागरिक ऑस्ट्रेलियाशी आणि इथल्या लोकांशी निष्ठा सांगतो. त्याआधी राणीचं नाव घ्यावं लागे. संसदेत निवडून गेलेल्या प्रत्येकाला मात्र आजही राजाच्या नावाने शपथ घ्यावी लागते, कारण तो मजकूर राज्यघटनेतच छापलेला आहे आणि घटनेतला स्वल्पविराम हलवायचा म्हटलं तरी देशभर सार्वमत घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्या घरात राजाशी निष्ठेची शपथ कोणीच घेतलेली नाही, पण तुमच्या खासदाराने घेतली आहे.

मुलीला ही घटना वाचायला दिलीत तर ती दचकेल. १ जानेवारी १९०१ पासून लागू असलेल्या या कागदात कलम ६१ म्हणतं की देशाची कार्यकारी सत्ता राणीची (म्हणजे आज राजाची) आहे आणि ती गव्हर्नर-जनरल वापरतात. कलम ६८ नुसार सैन्याचे सरसेनापती तेच. कलम ५ नुसार संसद बोलवायची, स्थगित करायची, विसर्जित करायची ती त्यांनी. कलम ६४ म्हणतं की मंत्री गव्हर्नर-जनरलची मर्जी असेतोवर पदावर राहतील. कलम ५९ तर त्याहून भारी: संसदेने केलेला आणि गव्हर्नर-जनरलने मंजूर केलेला कायदाही राणी वर्षभराच्या आत रद्द करू शकते. हे कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही, पण कोणी खोडलेलंही नाही. आणि ‘पंतप्रधान’ हा शब्द? तो घटनेत कुठेच नाही. घटना लिहिणाऱ्यांना तो गृहीत होता, इतका की लिहायची गरज वाटली नाही.

कागदावरची सत्ता एकाची आणि चालता कारभार दुसऱ्याचा, हे आपल्याला तसं नवं नाही. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची आणि कारभार पुण्यातून चालायचा. १७७४ मध्ये सवाई माधवराव जेमतेम चाळीस दिवसांचे होते, तरी वस्त्रं त्यांच्या नावाने आली. राज्य कारभाऱ्यांनी केलं, पण वस्त्रांवाचून पेशवा होता येत नव्हतं. गव्हर्नर-जनरल पंतप्रधानाला नेमणुकीचा जो कागद देतात तो याच जातीचा. तो कोणाला द्यायचा हे इथे प्रतिनिधिगृहातलं, म्हणजे इथल्या लोकसभेतलं, बहुमत ठरवतं, एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

रोजचं काम कसं चालतं ते सांगते, कारण त्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. नियम करणं, न्यायाधीश आणि राजदूत नेमणं, मोठमोठ्या मंडळांवरच्या नेमणुका, असे बरेच अधिकार कायद्याने ‘गव्हर्नर-जनरल इन काउन्सिल’ला दिलेले असतात. म्हणजे गव्हर्नर-जनरलने कार्यकारी परिषदेच्या सल्ल्याने वागायचं. ही परिषद ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात यारालुम्ला इथल्या सरकारी निवासात एका टेबलाभोवती गव्हर्नर-जनरल आणि दोन मंत्री बसतात आणि समोर कागदांचा गठ्ठा असतो. मंत्रिमंडळात काय चर्चा झाली ती इथे पुन्हा होत नाही. प्रत्येक प्रस्तावासोबत खुलाशाचं टिपण असतं: हा अधिकार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमातला, गरज का पडली, कोणाकोणाला विचारलं.

ते टिपण म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे, हे मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शिकले. एका नियमाच्या टिपणात मी अधिकाराच्या कलमाचा आकडा चुकवला. नियम बरोबर होता, अधिकार होता, पण मी दाखवलेल्या कलमात नव्हता. माझ्या हाताखालून, साहेबांच्या हाताखालून, खात्याच्या वकिलाच्या हाताखालून तो कागद सुटला. वरून मात्र परत आला, सोबत एका ओळीचा प्रश्न: हा अधिकार या कलमात कुठे आहे? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी प्रत्येक टिपण असं लिहायला लागले, की वाचणारा खरंच वाचणार आहे.

जुन्या इंग्रजी संकेतात राजाचे तीन हक्क सांगितले आहेत: त्याला विचारलं जावं, त्याने धीर द्यावा, त्याने सावध करावं. राजाच्या जागी बसलेल्या प्रतिनिधीलाही हेच लागू. शेवटचा शब्द मंत्र्यांचाच. पण ‘हे तुम्ही नीट बघितलंय ना?’ असं विचारणारं कोणीतरी आहे, त्याला पुढची निवडणूक लढवायची नाही आणि त्याच्यासमोर कागद ठेवताना तुम्हाला खुलासा द्यावा लागतो, एवढ्याने खालच्या वीस लोकांचं काम सुधारतं. हे बाहेरच्यांना दिसत नाही, त्यामुळे ‘नुसत्या सह्या करतात’ हा समज टिकून आहे. डोळे मिटून केलेल्या सह्याही असतात, त्याकडे येतेच.

कायद्यावर सही नाकारण्याचा प्रश्न लवकर संपवते. घटनेत तशी सोय आहे. पण मंत्र्यांच्या सल्ल्याविरुद्ध कोणत्याही गव्हर्नर-जनरलने संसदेने मंजूर केलेलं विधेयक आजवर अडवलेलं नाही. खुद्द ब्रिटनमध्ये राजसत्तेने शेवटचं विधेयक नाकारलं ते १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात. विधेयक परत पाठवलं गेलंच तर ते सरकारच्याच सांगण्यावरून, छापलेल्या मजकुरात चूक सापडली म्हणून.

आता १९७५. तुमचा दुसरा प्रश्न तोच आहे.

गॉफ व्हिटलम यांचं लेबर सरकार डिसेंबर १९७२ मध्ये आलं आणि मे १९७४ मध्ये पुन्हा निवडून आलं. प्रतिनिधिगृहात त्यांचं बहुमत होतं, सिनेटमध्ये नव्हतं. इथली सिनेट ही आपल्या राज्यसभेसारखी नाही. पैशाचं विधेयक तिला मांडता येत नाही, त्यात दुरुस्ती करता येत नाही, पण ते नाकारता येतं. त्यातच लेबरच्या दोन जागा रिकाम्या झाल्या, एक सिनेटर न्यायाधीश झाले आणि एक वारले. अशी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची असा संकेत होता. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या विरोधी सरकारांनी तो मोडला आणि आपल्याला हवे ते लोक पाठवले. (१९७७ मध्ये सार्वमताने हे भोक बुजवलं.) वर परदेशी कर्जाचं प्रकरण. चार अब्ज अमेरिकी डॉलर उभे करायला परवानगी देणारा कार्यकारी परिषदेचा कागद १३ डिसेंबर १९७४ ला मंत्र्यांनी पंतप्रधान निवासात सह्या करून तयार केला होता. गव्हर्नर-जनरल सर जॉन केर तेव्हा सिडनीत होते. त्यांची सही दुसऱ्या दिवशी घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण वर म्हटलेला ‘सहीआधीचा प्रश्न’ विचारायची संधीच त्या दिवशी केर यांना नीट मिळाली नाही, आणि ते शल्य त्यांच्या मनात राहिलं असावं असं मला वाटतं.

ऑक्टोबर १९७५ च्या मध्यावर विरोधी नेते माल्कम फ्रेझर यांनी सिनेटमध्ये अर्थसंकल्पाची विधेयकं रोखून धरली. सरकारने निवडणूक जाहीर करावी, मग सोडतो. व्हिटलम म्हणाले, सरकार प्रतिनिधिगृहात ठरतं, सिनेटमध्ये नाही. दोघेही अडून बसले. तिजोरीतला मंजूर पैसा नोव्हेंबरअखेर संपणार होता, पगारांचं काय करायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती.

केर हे व्हिटलम यांनीच निवडलेले. बॉयलर बनवणाऱ्या कामगाराचा मुलगा, पुढे न्यू साउथ वेल्सचा मुख्य न्यायमूर्ती. त्यांनी व्हिटलम यांना कधीही ‘अमुक तारखेपर्यंत तोडगा काढा, नाहीतर मला पाऊल उचलावं लागेल’ असं सांगितलं नाही. उलट व्हिटलम समजून चालले होते की केर आपल्या सल्ल्याबाहेर जाणार नाहीत, आणि केर यांनी त्यांना तसं समजू दिलं. पाठीमागे त्यांनी हायकोर्टाचे (इथलं सर्वोच्च न्यायालय) मुख्य न्यायमूर्ती सर गारफिल्ड बारविक यांचा लेखी सल्ला घेतला. हायकोर्टाचेच न्यायमूर्ती अँथनी मेसन यांच्याशीही त्यांचं बोलणं चालू होतं, हे जगाला कळलं २०१२ मध्ये. आणि मेसन यांनी तेव्हा सांगितलं, की पंतप्रधानाला आधी सावध करा असं मी केर यांना म्हटलं होतं.

११ नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास व्हिटलम अर्ध्या सिनेटची निवडणूक घेण्याचा सल्ला घेऊन यारालुम्लाला आले. केर यांनी बडतर्फीचं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. फ्रेझर आधीच येऊन दुसऱ्या खोलीत बसले होते, त्यांची गाडी दिसू नये अशी उभी केली होती. व्हिटलम गेले, फ्रेझर यांचा शपथविधी झाला. अट तीन गोष्टींची: पैसा मंजूर करून घ्यायचा, लगेच निवडणूक घ्यायची, तोवर धोरणात बदल करायचा नाही.

यापुढचा भाग मला दर वेळी तमाशातल्या वगासारखा वाटतो. व्हिटलम निवासस्थानी जाऊन जेवायला बसले आणि सिनेटमधल्या आपल्या नेत्यांना कळवायचं राहून गेलं. सरकार पडल्याचा पत्ता नसलेल्या लेबर सिनेटरांनी नेहमीप्रमाणे अर्थविधेयकं पुढे रेटली, विरोधकांनी या वेळी अडवली नाहीत, आणि अडीच वाजायच्या आत फ्रेझर यांना पैसा मिळाला. तीननंतर प्रतिनिधिगृहाने नव्या पंतप्रधानावर अविश्वास दाखवला. सभापती गॉर्डन स्कोल्स तो ठराव घेऊन केर यांच्याकडे जायला निघाले तर त्यांना पावणेपाचची वेळ मिळाली, आणि पावणेपाचला केर यांचे सचिव डेव्हिड स्मिथ संसद भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून संसद विसर्जित झाल्याची घोषणा वाचत होते. दोन्ही सभागृहं एकाच वेळी विसर्जित करायला आधार लागतो तो सिनेटने दोनदा अडवलेल्या विधेयकांचा. तो आधार म्हणून दाखवली गेली व्हिटलम सरकारचीच २१ विधेयकं, ज्यांना फ्रेझर यांच्या बाजूने सिनेटमध्ये अडवलं होतं.

१३ डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर यांच्या आघाडीला १२७ पैकी ९१ जागा मिळाल्या. म्हणून काही लोक म्हणतात, लोकांनी केर यांना पास केलं. मला ते पटत नाही. लोकांनी सरकार निवडलं, पद्धतीवर मत दिलं नाही. केर जिथे जात तिथे हुर्यो होत असे. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी पद सोडलं.

आणि राणी? स्कोल्स यांनी राणीला पत्र लिहून विनंती केली होती. राजवाड्याचं उत्तर असं, की हे अधिकार घटनेने गव्हर्नर-जनरलच्या हाती दिले आहेत, राणीने त्यात पडणं योग्य नाही. केर आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार चाळीसहून अधिक वर्षं ‘खासगी’ म्हणून कुलपात होता. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी खटला लढवला, मे २०२० मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जुलैत पत्रं खुली झाली. ११ नोव्हेंबरच्या पत्रात केर लिहितात, की राणीला आधी माहीत नसलेलंच बरं म्हणून मी कळवलं नाही. म्हणजे पंतप्रधानाला सांगितलं नाही, राणीलाही सांगितलं नाही. बडतर्फीचा अधिकार होता की नव्हता यावर इथले विद्वान अजून भांडतात. अधिकार होता असं मला वाटतं. पण सावध न करता तो वापरणं हा माझ्या लेखी त्या पदाच्या मूळ कामातला कसूर होता.

मग केर बोलले का नाहीत? इथे तुमच्या राज्यपालांच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. गव्हर्नर-जनरलला ठरावीक मुदत नसते. साधारण पाच वर्षांचा रिवाज आहे, पण त्यांना राजा नेमतो आणि राजाच काढतो, आणि राजा दोन्ही गोष्टी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानाच्या सल्ल्याने करतो. (हे मिळवायलाही झगडावं लागलं. १९३० मध्ये पंतप्रधान स्कलिन यांनी सर आयझॅक आयझॅक्स हे पहिले इथे जन्मलेले गव्हर्नर-जनरल सुचवले तेव्हा राजा पाचवा जॉर्ज नाखूश होता.) म्हणजे केर यांनी ‘तुम्हाला काढावं लागेल’ असं म्हटलं असतं, तर व्हिटलम लंडनला कळवून केर यांनाच काढू शकले असते. दोघांच्याही हातात एकमेकांच्या बडतर्फीचा कागद. केर यांनी भीतीपोटी आधी वार केला.

याच्या उलट उदाहरण १९३२ चं. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जॅक लँग यांना १३ मे रोजी काढलं. लँग यांनी केंद्राच्या कायद्याला बगल देणारं परिपत्रक आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलं होतं. गेम यांनी आधी लेखी विचारलं, हे कायदेशीर आहे हे दाखवा किंवा मागे घ्या. लँग यांनी नकार दिला. मग राजीनामा मागितला, त्यालाही नकार. तेव्हा बडतर्फी. सगळं पत्रांतून, एकेक पायरी चढत. गेम यांना हे शांतपणे करता आलं याचं एक कारण साधं आहे: तेव्हा राज्यांचे गव्हर्नर लंडनच्या सरकारच्या सल्ल्याने नेमले जात, लँग यांना ते काढता येत नव्हते.

१९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्यानंतर ते बदललं. आता राज्याचा प्रीमियर थेट राजाला सल्ला देतो आणि आपल्या राज्याचा गव्हर्नर नेमून घेतो. कॅनबेराच्या सरकारचा त्यात काही संबंध नाही. नाशिक-पुण्याच्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटेल, कारण आपल्याकडे मुख्यमंत्र्याला राज्यपाल निवडता येत नाही आणि काढताही येत नाही. दोन्ही गोष्टी राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात दिल्लीचं सरकार करतं. मूळ खोड एकच. १९४७ ते १९५० भारतातही राजाचा गव्हर्नर-जनरल होता, आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी. राज्यपालाची चौकटही त्याच खोडातून आली. पण तिचा लगाम तिसऱ्याच्या हातात गेला. त्यामुळे रोग वेगळे झाले. इथला प्रतिनिधी ज्या सरकारवर नजर ठेवायची त्याच सरकारला घाबरू शकतो. तिथला राज्यपाल समोरच्या सरकारला घाबरत नाही, पण मागे कोणाकडे बघतो असा संशय कायम राहतो. यापैकी बरा रोग कोणता हे मला विचारू नका.

बहुमत कोणाकडे ते राजप्रतिनिधीने आपल्या दिवाणखान्यात ठरवू नये, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला मुंबईच्या राजभवनात सकाळी आठच्या आत झालेला शपथविधी तुम्हाला आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेत बहुमत सिद्ध करा म्हटलं आणि २६ तारखेला सरकारने राजीनामा दिला. २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याला पुरेसा आधार नव्हता, असंही त्याच न्यायालयाने ११ मे २०२३ ला म्हटलं. ऑस्ट्रेलियाची तर सुरुवातच असल्या फसगतीने झाली. पहिले गव्हर्नर-जनरल लॉर्ड होपटन डिसेंबर १९०० मध्ये बोटीतून उतरले आणि सर्वांत मोठ्या वसाहतीचे प्रमुख म्हणून सर विल्यम लाइन यांना सरकार बनवायला बोलावून मोकळे झाले. लाइन यांनी संघराज्यालाच विरोध केला होता. कोणी महत्त्वाचा नेता त्यांच्या मंत्रिमंडळात यायला तयार होईना. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी हात टेकले आणि एडमंड बार्टन पहिले पंतप्रधान झाले.

तेव्हापासून इथला प्रतिनिधी अशा वेळी घाई करत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा मिळाल्या. तेव्हाच्या गव्हर्नर-जनरल क्वेंटिन ब्राइस या पदावरच्या पहिल्या महिला, आणि त्यांचे जावई बिल शॉर्टन हे लेबरचे बडे नेते. त्यांनी स्वतःहून सॉलिसिटर-जनरलचं मत घेतलं, की या नात्यामुळे मला काम करता येईल का? उत्तर आलं, अडचण नाही. मग त्या थांबल्या. सतरा दिवस अपक्षांच्या वाटाघाटी झाल्या, ज्युलिया गिलार्ड यांच्यामागे आकडा जमला, मग शपथविधी.

आता डोळे मिटून केलेल्या सहीची गोष्ट. मार्च २०२० ते मे २०२१ या काळात पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आरोग्य, अर्थ, तिजोरी, गृह आणि उद्योग-ऊर्जा अशा पाच खात्यांचा कारभार पाहण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. त्या खात्यांना मंत्री होते, ते तसेच राहिले. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता की आपल्या खात्यावर आणखी एक मंत्री बसला आहे. गव्हर्नर-जनरल डेव्हिड हर्ली यांनी कलम ६४ खाली कागदांवर सह्या केल्या. समारंभ नाही, राजपत्रात उल्लेख नाही, संसदेत घोषणा नाही. हे बाहेर आलं ऑगस्ट २०२२ मध्ये, मॉरिसन निवडणूक हरल्यानंतर.

सॉलिसिटर-जनरलचं मत असं पडलं, की नेमणुका कायदेशीर आहेत आणि सल्ला मिळाल्यावर नकार द्यायची मुभा गव्हर्नर-जनरलला नव्हती, पण ज्या मंत्र्याची संसदेला माहितीच नाही त्याला संसद जाब कसा विचारणार? जबाबदार सरकारच्या तत्त्वालाच यामुळे सुरुंग लागला. माजी न्यायमूर्ती व्हर्जिनिया बेल यांनी चौकशी केली, त्यानंतर अशा नेमणुका जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मॉरिसन यांच्यावर निषेधाचा ठराव केला.

नकार देता येत नव्हता, हे कायद्याने बरोबर आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण ‘हे राजपत्रात कधी छापायचं?’ हा प्रश्न म्हणजे नकार नव्हे. सावध करण्याचा हक्क अशाच जागेसाठी आहे. आत काय बोलणं झालं ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण माझ्या चुकलेल्या कलमाच्या आकड्यावर आलेला तो एका ओळीचा प्रश्न मला त्या ऑगस्टमध्ये फार आठवला.

मग हे पदच काढून राष्ट्राध्यक्ष का नेमत नाही, असं तुमची मुलगी पुढे विचारेल. ६ नोव्हेंबर १९९९ ला तसं सार्वमत झालं. सुमारे ५५ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. राजा हवा म्हणणारे त्यात होतेच, पण अध्यक्ष थेट आपण निवडू म्हणणारेही होते, कारण प्रस्तावात तो संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचा होता. शिवाय पंतप्रधानाला एका चिठ्ठीने अध्यक्षाला तत्काळ काढता येणार होतं, प्रतिनिधिगृहाची संमती नंतर तीस दिवसांत घ्यायची. केर-व्हिटलम यांच्या खेळात पत्रं आधी लंडनला तरी जावी लागली असती. इथे तेवढाही वेळ मिळाला नसता. या देशात सार्वमताला आलेल्या ४५ प्रस्तावांपैकी ८ मंजूर झाले आहेत, तेव्हा हा विषय लवकर परत येईल असं मला वाटत नाही.

राहिला पगार. १९०१ मध्ये घटनेने वर्षाला दहा हजार पौंड लिहून ठेवले होते, पुढचं संसदेवर सोडलं. कलम ३ ची अट एकच: गव्हर्नर-जनरल पदावर असेतोवर त्यांचा पगार बदलायचा नाही. म्हणून प्रत्येक नव्या नेमणुकीआधी संसद वेगळा कायदा करते आणि हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना पुढच्या पाच वर्षांत जे मिळेल त्याच्या थोडं वर आकडा ठेवते. हर्ली यांचा ४,९५,००० डॉलर होता, कारण ते निवृत्त संरक्षणदलप्रमुख, त्यांना लष्कराचं निवृत्तिवेतन मिळत होतं. सॅम मॉस्टिन यांनी १ जुलै २०२४ ला पद घेतलं त्याआधी तो ७,०९,०१७ डॉलर झाला आणि वर्तमानपत्रांत दोन दिवस आरडाओरडा झाला. आकडा मलाही जास्तच वाटतो. पण कलमाचा हेतू सरळ आहे: पंतप्रधानाला हा पगार मध्येच वाढवून कोणाला खूश करता येत नाही आणि कापून धाकात ठेवता येत नाही. पदावरून काढता मात्र येतं.